उजेड कशाला लागून येतो

गोव्यातल्या घरात जेवणाचा फोटो बिघडतो तो बहुतेक वेळा उजेड कमी पडला म्हणून नाही. उजेड भरपूर असतो. पण ताटापर्यंत येताना तो वाटेत भलत्याच कशाला तरी लागून आलेला असतो. अंगणातल्या चिऱ्याच्या गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, लागला की तांबूस होतो. पावसाळ्यात परसातल्या केळी-अळूच्या पानांतून आला की हिरवट होतो. स्वयंपाकघराची भिंत निळी असेल तर निळसर, जमीन तांबड्या कोब्याची असेल तर खालून तांबूस. आपल्याला हे जाणवत नाही, कारण डोळा आणि मेंदू मिळून ती झाक काढून टाकतात आणि शीत, म्हणजे भात, आपल्याला पांढरंच दिसतं. कॅमेरा आपल्या परीने अंदाज बांधतो, पण एकाच ताटावर दोन बाजूंनी दोन रंगांचे उजेड पडले की त्याचा अंदाज चुकतो. मग शितावर हिरवट झाक येते, हुमणाचा (खोबरं घातलेल्या माशांच्या आमटीचा) रंग विटकरी होतो आणि सोलकढीचा गुलाबी जाऊन फिकट शेंदरी उरतो.

म्हणून दिवा, स्टँड, छत्री असलं काही आणायच्या आधी कोऱ्या कागदाचा एक ताव घ्यावा आणि ताट जिथे ठेवणार तिथे तो मांडावा. घरातले सगळे दिवे बंद. कागदाच्या वर वीतभर अंतरावर हात धरायचा आणि सावल्या मोजायच्या. जितक्या सावल्या तितके उजेड. एकच सावली असेल, तिच्या कडा विरत गेलेल्या असतील आणि ती एका बाजूला पडली असेल, तर जागा चांगली. सावली काळीकुट्ट, कडा सुरीने कापल्यासारखी, तर ऊन थेट येतंय. दोन सावल्या दिसल्या तर दुसरा उजेड कुठून येतो ते शोधून एखादं दार लोटायचं किंवा काळा चार्ट पेपर उभा करायचा. मग तोच कागद मोबाइलच्या कॅमेऱ्यातून बघायचा. त्याची एक कड तांबूस आणि दुसरी निळसर दिसली तर रंगीत काहीतरी जवळ आहे. कधी ती भिंत असते, कधी टेबलावरचं मेणकापड आणि कधी चक्क आपल्या अंगातला लाल टी-शर्ट. फोटो काढताना पांढरा, राखाडी किंवा काळा कपडा घालावा हा सल्ला हट्टाने पाळण्याजोगा आहे. चमचा, स्टीलची वाटी आणि हुमणावरची तेलाची तवंग या तिन्हींत आपण स्वतः दिसत असतो.

खिडकी निवडताना ‘उत्तरेची खिडकी घ्या, तिथे ऊन येत नाही’ असं सगळीकडे सांगितलं जातं. हा सल्ला थंड देशांतला आहे. तो इथे जसाच्या तसा लागू होत नाही. गोवा सुमारे १५ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत इथे भर दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो आणि २१ मार्च ते २३ सप्टेंबर या काळात तो उगवतो-मावळतो तोही पूर्व-पश्चिमेच्या उत्तरेला सरकून. म्हणजे एप्रिल-मे महिन्यात उत्तरेच्या खिडकीत सकाळी आणि संध्याकाळी तिरपं ऊन येतंच. डिसेंबरात मात्र उलट. तेव्हा दुपारचा सूर्य दक्षिणेला सुमारे ५१ अंशांवर असतो, उत्तरेची खिडकी दिवसभर शांत असते आणि दक्षिणेच्या खिडकीतून ऊन थेट टेबलावर उतरतं. तेव्हा दिशेपेक्षा वेळ पाठ करावी: आपल्या घरात कुठल्या महिन्यात, कुठल्या खिडकीत, किती ते किती कवडसा नसतो. एका रविवारी दर तासाला त्या कोऱ्या कागदाचा फोटो काढून ठेवला की त्या मोसमापुरतं वेळापत्रक तयार.

जुन्या घरांना याबाबतीत एक देणगी मिळालेली आहे. बाल्कांवातला, म्हणजे दारापुढच्या ओसरीतला, सोपो (बांधीव बाक) घ्या. डोक्यावर छप्पर असल्यामुळे वरचा उजेड अडतो, पाठीमागे भिंत आणि उजेड फक्त समोरून, उघड्या बाजूने. ताट सोप्यावर ठेवून आपण अंगणाकडे पाठ केली तर उजेड आपल्या खांद्यावरून ताटावर सपाट पडतो आणि फोटो निर्जीव येतो. आपण भिंतीच्या कडेला, उजेडाला काटकोनात बसलो की त्याच जागेत प्रत्येक शिताला सावली येते. फक्त सोप्याचा कोबा तांबडा असेल तर ताटाखाली निदान दोन फूट लांब-रुंद पांढरं किंवा राखाडी कापड हवं, नाहीतर वाटीचं बूड तांबडं दिसतं.

आणि शिंपल्यांची तावदानं. काचेऐवजी चपटे, अर्धपारदर्शक शिंपले चौकोनी कापून लाकडी पट्ट्यांच्या खाचांत बसवलेल्या खिडक्या सासष्टी, बार्देश, फोंड्याकडच्या जुन्या घरांत आणि पणजीच्या फोन्तायन्यांत (फोन्तेन्हास या जुन्या वाड्यात) अजून आहेत. फोटोसाठी उजेड मऊ करायला लोक जे पडदे विकत घेतात ते काम हे शिंपले आपसूक करतात. बाहेर कडक ऊन असलं तरी आत दुधाळ, सगळीकडून सारखा उजेड येतो, कारण प्रत्येक शिंपला स्वतःच एक लहानसा उजळलेला पडदा होतो. बाहेर हिरवी झाडं असोत की तांबडा गडगा, त्यांची झाक पुष्कळशी एकमेकांत मिसळून जाते. ताट अशा खिडकीपासून दोन-अडीच फुटांवर ठेवावं. अगदी खेटून ठेवलं तर पट्ट्यांच्या सावल्या ताटावर उमटतात. जुने शिंपले किंचित पिवळट असतात, पण ती झाक सगळ्या ताटावर सारखी असते, त्यामुळे नंतर एका फटक्यात काढता येते. घर दुरुस्त करताना या खिडक्या उपटून त्या जागी सरकत्या काचा बसवल्या जातात तेव्हा वाईट वाटतं ते निव्वळ जुनं गेलं म्हणून नाही. असा उजेड परत कुठल्याही दुकानात मिळत नाही.

पावसाळ्यात वर्षातला सगळ्यात मऊ उजेड फुकट मिळतो. सगळं आभाळच पडदा झालेलं असतं. पण नेमकं याच दिवसांत ताट बदललेलं असतं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांच्या मासेमारीला बंदी, त्याला लागून श्रावण आणि मग चवथ (गणेशचतुर्थी). म्हणजे उत्तम उजेडात समोर येतं ते सुक्या सुंगटांचं (कोळंबीचं) किसमूर, अळू, तायकिळ्याची (टाकळ्याची) भाजी, नीरफणसाची कापां, खतखतं (अनेक भाज्यांची आमटी), पातोळ्या. ही सगळी पोताची जेवणं आहेत. त्यांत भडक रंग नाही, पण खरखरीत, तंतुमय, दाणेदार असं खूप काही आहे आणि पोत दिसायला मऊ उजेड एका बाजूनेच यावा लागतो. खिडकीसमोरचं टेबल खोलीच्या मध्यावर नेलं तर पावसाळी उजेड सगळीकडून येतो आणि खतखत्यातला सुरण, कणगी, मक्याचा तुकडा सगळे एकाच पिवळ्या लगद्यात बुडतात. तेच टेबल खिडकीला लावून पलीकडच्या बाजूला काळा चार्ट पेपर उभा केला की प्रत्येक फोडीची एक बाजू गडद होते आणि फोडी सुट्या दिसू लागतात. पावसाळ्यात पांढऱ्या थर्माकोलपेक्षा काळा कागद जास्त उपयोगी पडतो हे पुष्कळांना ठाऊक नसतं.

पातोळीचंच बघू. हळदीच्या पानात तांदळाचं पीठ थापून, आत गूळ-खोबऱ्याचं चून (सारण) भरून, पान दुमडून उकडतात. उकडल्यावर पान उघडलं की पांढऱ्या पिठावर पानाच्या शिरांचा ठसा उमटलेला असतो, बारीक समांतर रेघा. पातोळीच्या फोटोत हाच ठसा दिसायला हवा आणि तोच सगळ्यात आधी हरवतो, कारण तो जेमतेम कागदाच्या जाडीएवढा खोल असतो. उजेड वरून किंवा समोरून आला की रेघा पुसल्या जातात. त्यासाठी उजेड जवळजवळ ताटाच्या पातळीवरून, १५-२० अंश तिरपा यायला हवा. म्हणून टेबल सोडून ताट खिडकीच्या चौकटीच्या उंचीला आणायचं: टेबलावर पाट, पाटावर तांदळाचा डबा, त्यावर ताट. खिडकीचा वरचा अर्धा भाग जाड टॉवेलने झाकायचा, म्हणजे फक्त खालून येणारा उजेड राहतो. मग ताट हळूहळू असं फिरवायचं की शिरा उजेडाला आडव्या येतील. उजेडाच्या दिशेने धावणारी रेघ सावली टाकत नाही, आडवी रेघ टाकते. अजून एक गोष्ट. उकडलेलं पान मळकट शेवाळी रंगाचं होतं, ताजं पान पोपटी असतं. खाली ताजं पान अंथरून वर उकडलेल्या पानातली पातोळी अर्धी उघडून ठेवली की दोन्ही हिरवे शेजारी येतात आणि उकडलेलं पान शिळं वाटत नाही, उकडलेलं वाटतं. पिठावर ओलसर चकाकी असते ती उघडल्यापासून पाच-सात मिनिटंच. त्यामुळे सगळी मांडणी आधी एका रिकाम्या पानावर करून ठेवायची आणि पातोळी शेवटी उघडायची.

खिडकीशी रोजची मांडणी करायची ती अशी. ताट म्हणजे घड्याळाची तबकडी आणि आपण ६ वर बसलो आहोत असं धरलं तर खिडकी १० किंवा २ च्या बाजूला यावी. म्हणजे उजेड थोडा मागून, थोडा बाजूने. ऊन येत असेल तर खिडकीला पांढरा पंचा किंवा धुऊन मऊ झालेली मलमलची साडी एकपदरी लावायची, कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी, सुरकुती न ठेवता. बटर पेपरही चालतो, पण वाऱ्याने फडफडतो आणि दमट हवेत सैल पडतो. समोरच्या बाजूला, खिडकी १० ला असेल तर ४ च्या आणि २ ला असेल तर ८ च्या जागी, ताटापासून २५-३० सेंटिमीटरवर थर्माकोलचा तुकडा किंवा पांढरा पुठ्ठा उभा करायचा. तो जवळ आणला की सावल्या उजळतात, लांब नेला की गडद होतात. ॲल्युमिनियमची फॉइल वापरायची असेल तर आधी चुरगळून, मग सरळ करून पुठ्ठ्यावर लावावी. गुळगुळीत फॉइल आरशासारखा एकच झगझगीत ठिपका टाकते. फॉइलचा उपयोग मुख्यतः तळलेल्या पदार्थांना. रव्यातला बांगडा किंवा इसवणाची (सुरमईची) तुकडी तिच्यामुळे तेजाळते. शिताला फॉइल लावू नये, शीत तुटक आणि कोरडं दिसतं. आणि डोक्यावरची ट्यूब, बल्ब बंद. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात: खिडकीचा उजेड साधारण ५५०० ते ६५०० केल्विन असतो आणि पिवळा बल्ब ३००० चा. दोन्ही एकत्र आले की ताटाची एक बाजू निळी, दुसरी पिवळी होते आणि ते नंतर कुठल्याही ॲपमध्ये धड सुधारत नाही.

हुमणाचा फोटो मात्र वेगळी मेहनत मागतो. वाटीभर हुमणात बांगड्याची तुकडी घातली की ती बुडते आणि वर नुसता रस दिसतो. वाटीत आधी एक लहान वाटी पालथी घालावी, तिच्यावर तुकडी अशी टेकवावी की पाठीची निळसर नक्षी वर येईल, मग बाजूने डावाने रस सोडावा. वरून ओतला तर नक्षी झाकली जाते. रस पळीवाढा असेल तर वाटीच्या कडेला पाण्याची रेघ सुटते आणि खोबरं फाटल्यासारखं दिसतं. फोटोपुरता वाढायचा रस दोन मिनिटं वेगळा आटवून घेतला की ती रेघ जाते. पाच-सहा मिनिटांत वर साय धरते, रंग मंदावतो. तेव्हा चमच्याच्या पाठीने हलकेच ढवळून खोबरेल तेलाचे दोन-तीन थेंब सोडावेत. उजेड मागून असेल तर हे थेंब चमकतात, समोरून असेल तर दिसतही नाहीत. रसावर खिडकीचं चौकोनी प्रतिबिंब पडलं तर घाबरायचं कारण नाही. वाटीच्या मागच्या कडेला ते थोडंसं असावं, त्यामुळे रस ओला दिसतो. पूर्ण रसावर पसरलं तर कॅमेरा दोन बोटं वर किंवा खाली न्यायचा. आणि वर कोथिंबीर टाकू नये. बांगड्याच्या हुमणात घरी जी पडत नाही ती फोटोत कशाला? दोन तेफळं (तिरफळं) दिसली पाहिजेत, ज्याला हुमण माहीत आहे तो आधी तीच शोधतो.

कढीचे दोन प्रकार आहेत आणि दोघींना उजेड दोन तऱ्हांनी लागतो. फुटी कढी म्हणजे नारळाच्या रसाशिवाय नुसत्या सोलांची (कोकमांची), गडद तांबडी आणि आरपार दिसणारी. तिला उजेड मागून द्यावा. पेल्याच्या मागे, पेल्याच्या आकाराहून थोडा लहान कापलेला पांढरा कागद टेकवून ठेवला की कढी माणकासारखी उजळते आणि कागद दिसत नाही. सोलकढी नारळाच्या रसामुळे अपारदर्शक. तिला मागून कितीही उजेड दिला तरी पेला समोरून काळवंडतो. तिला बाजूचाच उजेड हवा आणि समोर पांढरा पुठ्ठा हवा. ती ठेवल्याठेवल्या फुटू लागते, रस वर आणि पाणी खाली, म्हणून क्लिक करायच्या आधी ढवळायची. पेला गार असेल तर आपल्याकडच्या दमट हवेत दोन-तीन मिनिटांत बाहेरून घामेजतो. आधी बारीक थेंब, मग ओघळ. थेंब हवे असतील तर पेला काढून लगेच जागेवर ठेवावा आणि बोट न लावता फोटो घ्यावा. नको असतील तर कढी साधारण तापमानाला आणूनच ओतावी.

रात्रीचं जेवण म्हणजे बल्ब. घरातला ९ वॅटचा एलईडी बल्ब साधारण ८०० ते ९०० ल्युमेन देतो, एका ताटाला तो पुरतो. पण दोन गोष्टी आडव्या येतात. पहिली रंगाची. पांढरा एलईडी आतून निळा असतो, त्यावर पिवळं भुकटीचं आवरण असतं आणि स्वस्त बल्बात गडद तांबडा फार कमी असतो. खोक्यावर सीआरआय ८० (उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) लिहिलेलं असतं, पण ती सरासरी पहिल्या ८ रंगांची आणि गडद तांबडा नववा, तो त्यात धरलेलाच नाही. म्हणून मिरचीचं हुमण, चोरीस (गोव्याचं सॉसेज), बिटाची कोशिंबीर त्या उजेडात तपकिरी पडतात आणि सॅच्युरेशन कितीही वाढवलं तरी हळद तेवढी भडकते. जो तांबडा उजेडातच नाही तो आणायचा कुठून? सीआरआय ९० किंवा वरचा एकच बल्ब वेगळा काढून ठेवावा, घरासाठी नव्हे, फोटोसाठी. जुना तारेचा ६० वॅटचा बल्ब असेल तर रंगाच्या बाबतीत तो सगळ्यांहून चांगला. पिवळा असला तरी त्यात सगळे रंग असतात आणि पिवळेपणा नंतर काढता येतो. फक्त तो तापतो, कापडापासून दीड-दोन फूट लांबच हवा.

दुसरी गोष्ट लुकलुकण्याची. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे हलक्या प्रतीचा बल्ब सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतो. डोळ्याला कळत नाही, पण फोटोत आडवे गडद पट्टे येतात. मोबाइलच्या प्रो मोडमध्ये शटर १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवलं की पट्टे जातात. १/१२५ किंवा १/६० ठेवलं की पुन्हा येतात. १/५० ला हात हलतोच, म्हणून फोन डब्याला टेकवून २ सेकंदांचा टायमर लावावा.

बल्ब ताटाकडे थेट वळवला तर सावल्या काळ्या येतात, कारण ताटाच्या मानाने बल्ब इवलासा. त्याला मोठं करायचं. दोन खुर्च्यांच्या पाठींना काठी बांधून त्यावर मांजरपाट किंवा पंचा ताणून लावायचा, ताटापासून ४० सेंटिमीटरवर. बल्ब कापडाच्या मागे ६० सेंटिमीटरवर. इथे सगळ्यांची एक चूक होते: बल्ब कापडाला खेटवतात. मग कापडाच्या मधोमध पेल्याएवढा गोल उजळतो आणि उजेड पुन्हा लहानच राहतो. सगळं कापड कडेपर्यंत सारखं उजळलेलं दिसेपर्यंत बल्ब मागे न्यायचा. उजेड कमी होतो, पण टायमर आणि डबा आहेच. कापड नसेल तर टेबल लॅम्पचं तोंड ताटाकडे न करता दोन फुटी थर्माकोलकडे करायचं आणि थर्माकोलवरून परतलेला उजेड घ्यायचा. पावसात वीज गेली तर हाच उपाय मोबाइलच्या टॉर्चने करावा, दुसऱ्या फोनचा टॉर्च थर्माकोलवर मारून. भिंत पांढरी असेल तरच भिंतीवर. निळ्या भिंतीवर मारलेला टॉर्च निळाच परततो.

अंतराचा हिशोबही एकदा डोक्यात बसवून घ्यावा. उघडा बल्ब दुप्पट लांब गेला की उजेड चौथ्या भागावर येतो. ३० सेंटिमीटर रुंद ताटाच्या जवळच्या कडेपासून बल्ब ४० सेंटिमीटरवर असेल तर पलीकडच्या कडेला उजेड जेमतेम एक तृतीयांश पोहोचतो: इकडे शीत पांढरंफटक, तिकडे लोणचं अंधारात. तोच बल्ब १२० सेंटिमीटरवर नेला की फरक दीडपटीवर येतो. पूर्ण थाळी असेल तर लांब, एकटी वाटी असेल तर जवळ.

पुठ्ठ्याच्या खोक्याला तीन बाजूंनी बटर पेपर लावून, दोन्हीकडे बल्ब ठेवून करायचा ‘लाइट बॉक्स’ फार लोकप्रिय आहे. विकायच्या दागिन्यांना, बरण्यांना तो चांगला. जेवणाला नाही, असं माझं ठाम मत आहे. त्यात उजेड तिन्ही बाजूंनी येतो, सावली मरते आणि रव्याचा दाणा, उंड्याचं (गोल पावाचं) कडक कवच, सान्नाची (तांदळाच्या इडलीसारख्या पदार्थाची) जाळी सगळं सपाट होतं. खोका केलाच असेल तर एकाच बाजूचा बल्ब लावावा आणि समोरच्या बाजूला आतून पांढरा कागद ठेवावा. होल्डरला वायर जोडून घरी दिवा करणाऱ्यांनी तो पत्र्याच्या डब्यात किंवा पातेल्यात बसवू नये. स्वयंपाकघरात हात ओले असतात आणि सैल वायर पत्र्याला लागली की सगळा डबा झटका देतो. साधा टेबल लॅम्प पुरतो.

केळीचं पान आणि स्टीलचं ताट यांच्या चकाकीला उपाय निराळे. पानाची, रसाची, तेलाची चकाकी पोलराइज्ड गॉगलने जाते. गॉगलची काच लेन्ससमोर धरायची, कॅमेरा पानाच्या पातळीपासून साधारण ३५ अंश वर ठेवायचा आणि काच गोल फिरवायची. एका ठिकाणी पानावरचा पांढरा पट्टा विरतो आणि खालचा हिरवा वर येतो. पूर्ण घालवू नये, पान मग कापडासारखं दिसतं. काचेचा रंग फोटोत उतरतो, म्हणून त्याच काचेतून पांढऱ्या कागदाचाही एक फोटो घेऊन ठेवायचा. स्टीलवर हा उपाय चालत नाही, धातूची चकाकी या काचेने हटत नाही. स्टीलच्या ताटात जे दिसतं तेच बदलावं लागतं: समोर काळा कागद धरला की कड काळी उठून दिसते, पांढरा धरला की ताट चांदीसारखं होतं. दोन्ही थोडे थोडे असले की स्टील स्टीलसारखं दिसतं.

फोनबद्दल थोडंच. आधी लेन्स पुसायची. फोडणीची वाफ लेन्सवर बसते आणि सगळ्या फोटोंवर धुकं येतं, त्याला लोक उजेडाचा दोष समजतात. एसीच्या खोलीतून फोन थेट चुलीशी आणला तर लेन्सवर दव धरतं. ते पुसून जात नाही, परत येतं, दहा-पंधरा मिनिटं थांबावं लागतं. ताटाच्या अगदी जवळ जाऊन १एक्स वर घेतलं तर पुढची वाटी फुगते. मागे सरकून २एक्स वर घ्यावं. ‘फूड मोड’ बंद. शीत किंवा सान्नां असतील तेव्हा फोन पांढरं बघून सगळंच राखाडी करतो, तेव्हा एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) ०.७ ते १ ने वाढवायचं. उकड्या तांदळाचं शीत असेल तर ०.३ पुरे, नाहीतर दाण्यावरची तांबूस रेघ उडते.

शेवटी रंग सुधारायचे ते सकाळी. रात्री फोनची स्क्रीन आपोआप पिवळट होत असेल तर तीत बघून केलेला प्रत्येक फोटो दुसऱ्या दिवशी निळा निघतो. मांडणीच्या सुरुवातीला ताटाच्या जागी ठेवलेल्या कोऱ्या कागदाचा फोटो इथे कामी येतो: आधी तो कागद पांढरा करायचा, मग तेच आकडे बाकीच्या फोटोंना लावायचे. छपाईचे फार शुभ्र कागद निळसर चमकतात, त्यापेक्षा जाड ड्रॉइंग पेपर बरा. समोर न्याहारीला काल्ची कडी असेलच, पण तिच्याशी रंग ताडून बघू नये. रात्रभर मुरून आणि सकाळी आटून ती कालच्या हुमणापेक्षा बरीच गडद झालेली असते. तिचा फोटो वेगळा काढावा, मातीच्या भांड्यात, चिरलेल्या उंड्याबरोबर आणि उजेड खालून, तिरपा, म्हणजे भांड्याच्या कडेला धरलेली खरपूड दिसते.